साहेब, खोल्या रिकाम्या होत्या

माननीय साहेब,



आमच्या जिल्ह्यातून तुमची बदली झाली त्याला आता बराच काळ लोटला. तुमचं नाव आणि तेव्हाचं पद मी इथे लिहीत नाही. पत्र वाचाल तेव्हा तुम्हाला कळेलच. बाकीच्यांना कळायची गरज नाही. हे खाजगीतही पाठवता आलं असतं. पण तुमचं म्हणणं छापून आलंय, तेव्हा माझंही छापूनच यावं असं वाटलं.

दिवाळी अंकातला करोनाकाळाच्या आठवणींचा तुमचा लेख वाचला. मनापासून लिहिलाय. ऑक्सिजनचा टँकर वेळेवर पोचेना ती रात्र, कचेरीतच टाकलेली पथारी, पायी निघालेल्या मजुरांसाठी हमरस्त्यावर चढवलेली खिचडीची पातेली. सगळं खरं आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षी तुम्ही किती वाळलात तेही पाहिलंय. पण लेखात एका जागी तुम्ही लिहिलंत की त्या दिवसांत जिल्ह्यातला एकही जीव निवाऱ्यावाचून राहू दिला नाही. साहेब, ते फार लागलं. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. कारण एका बाईसाठी आणि तिच्या दोन मुलांसाठी निवारा मागायला मीच तुम्हाला फोन केला होता.

८ मार्च २०२० ला महिला दिनाच्या कार्यक्रमात तुम्ही मला शाल-श्रीफळ दिलंत. ‘ताई, मध्यरात्रीसुद्धा फोन करा’ असं माइकवर म्हणालात, टाळ्या पडल्या. मी केला तेव्हा मध्यरात्र नव्हती. एप्रिल होता, रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

त्या बाईचं नाव, गाव, नवऱ्याचा धंदा यातलं काही सांगणार नाही. एवढंच सांगते की टाळेबंदीआधी तिच्याकडे एक वाट होती. नवरा कामावर गेला की बाजाराचं किंवा दवाखान्याचं निमित्त काढून ती आमच्या केंद्रावर यायची. यायची, बसायची, चहा प्यायची, कधी बोलायची, कधी नुसतीच रडून जायची. आम्ही तिचा कोर्टात द्यायचा अर्ज तयार करत होतो. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि मध्यरात्रीपासून तिची ती वाट बंद झाली. नवरा चोवीस तास घरात. हाताला काम नाही, खिशात पैसा नाही, दारू मिळत नाही म्हणून चिडलेला. पुढे मे महिन्यात दारू मिळायला लागली, तेव्हा प्यायलेला. (त्याच मे महिन्यात आपल्या राज्य सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली, हे जाता जाता. बायकांना घराबाहेर काढायची सोय मात्र तेव्हाही झाली नव्हती.)

फोनवर बोलायचीही चोरी होती. खोली एकच. ती पाणी भरायला गेली की मिस कॉल द्यायची, मी उलटा करायचे, आणि दोन वाक्यांत फोन ठेवायला लागायचा. समुपदेशनाच्या पुस्तकात असल्या दोन वाक्यांचं तंत्र कुठे दिलेलं नाही.

एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी त्याने मुलाच्या अंगावर हात टाकला आणि ती उठून निघाली. अंगावरच्या कपड्यांनिशी, दोन्ही पोरांना घेऊन. एसटी बंद, वडाप बंद. चालत फाट्यापर्यंत आली. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. वाईट वागले नाहीत, पोरांना बिस्किटाचा पुडा दिला, पण पास विचारला. कुणाचं मयत झालं, कुणाला दवाखान्यात न्यायचं, ही कारणं त्यांना ठाऊक होती. नवऱ्याच्या हातून मरायचं नाही म्हणून निघालेय, हे कारण त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यातल्याच एका शिपायाने मला फोन लावून दिला, त्याचे उपकार मी मानते.

मग सुरू झाली माझी फोनाफोनी. तिच्या भावाला केला. तो म्हणाला, ताई, आणायला माझी ना नाही, पण गाव वेशीच्या आत घेणार नाही. हे खोटं नव्हतं. त्या महिन्यात कितीतरी गावांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या, पोटच्या पोरांनाही बाहेर उभं केलं होतं. लेकीला तिथे कोण घेणार? माहेर म्हणजे बाईचं हक्काचं ठिकाण, असं आपण लग्नाच्या मांडवात सांगतो. तो हक्क सातबाऱ्यावर नसतो आणि तापाच्या साथीत तर नसतोच.

स्वाधारगृहाला, म्हणजे बायकांच्या आश्रयगृहाला, फोन केला. अधीक्षकबाई ओळखीच्या. त्या म्हणाल्या, आत तीस बायका आहेत, लेकरं वेगळी, एकीला जरी लागण झाली तर सगळ्या जातील. करोना नसल्याचा रिपोर्ट आणा, लगेच घेते. त्यांचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. स्वतंत्र खोली नाही, दिवस-रात्र ये-जा करणारी कर्मचारी मंडळी, मास्क स्वतःच शिवलेले. म्हणून सरकारी रुग्णालयाला फोन केला. तिथले डॉक्टर म्हणाले, ताप नाही, खोकला नाही, बाधिताशी संपर्क नाही, बाहेरगावचा प्रवास नाही; आयसीएमआरच्या निकषात बसत नाही, नमुना घेता येणार नाही. त्यांचंही खरं होतं. तपासणीचे किट मोजके, निकष वरून आलेले. म्हणजे बघा, रिपोर्टशिवाय आश्रय नाही आणि आजारपणाशिवाय रिपोर्ट नाही. बाई धडधाकट होती एवढंच तिचं चुकलं. धडधाकट म्हणजे करोनापुरती. बरगडीला मार होता, तो निकषात येत नव्हता.

माझ्या घरी का नेलं नाही, असं कुणी विचारेल. माझ्या इमारतीत तळमजल्यावर रुग्ण सापडला होता. तुमच्याच आदेशाने फाटकाला पत्रे ठोकले होते.

तेव्हा तुम्हाला फोन केला. तुम्ही उचललात, त्याबद्दल आभारच. सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, ‘ताई, सध्या सगळ्यांनीच थोडं सोसायचं आहे. दोघांची समजूत काढा, पोलिसांना घरी सोडून यायला सांगतो, टाळेबंदी उठली की बघू.’ तुमच्या आवाजात तुसडेपणा नव्हता, दमलेपण होतं. तुसडेपणा असता तर मी भांडले असते. त्या दमलेल्या आवाजापुढे काय बोलणार? पोलिसांच्या गाडीने तिला घरी सोडलं. सरकारी गाडीतून, सरकारी सौजन्याने, मारणाऱ्याच्या दारात.

आता खोल्यांचं बोलते. कारण तुमच्या मनात कदाचित असं असेल की जागाच नव्हती, तर देणार कुठून?

फाट्यापासून जवळच जिल्हा परिषदेची शाळा होती, तिच्यात मुंबईहून आलेली माणसं विलगीकरणात होती. गादी, पाणी, दोन वेळचं जेवण, ग्रामपंचायतीचा शिपाई पहाऱ्याला. तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह मार्चपासून मोकळं होतं. स्टँडसमोरची दोन लॉजं तुम्ही ताब्यात घेतली होती, त्यातलं एक अर्धं रिकामं होतं, हे मला लॉजच्या पोऱ्यानेच नंतर सांगितलं. ती बाई मुंबईहून आली असती तर तिला त्या रात्री खोली मिळाली असती. परदेशातून आली असती तर खाटही मिळाली असती. ती सहा किलोमीटरवरून आली होती आणि तिला मार बसला होता, म्हणून मिळाली नाही. हे मी उपहासाने लिहीत नाहीये. आदेशाचा कागद तसाच होता.

साहेब, तुम्ही इमारती ताब्यात घेतल्या त्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. त्याचं कलम ६५ जागा, वाहनं, साधनं हवी तेव्हा ताब्यात घेण्याचा अधिकार देतं. तो कायदा २००५ चा. त्याच वर्षी संसदेने आणखी एक कायदा केला, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय की पीडित बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केली तर आश्रयगृहाने तिला आश्रय द्यायचा आहे. नियमांत तर इथपर्यंत म्हटलंय की तिने घटनेचा अहवाल आधी नोंदवलेला नाही, या कारणावरून आश्रय नाकारता येणार नाही. कागद नाही म्हणून बाईला परत पाठवू नये, एवढा विचार कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच केला होता. करोनाने फक्त कागदाचं नाव बदललं. दोन्ही कायदे तुमच्या कचेरीतल्या एकाच कपाटात असतील. एक रोज उघडला जात होता.

आणि त्या दुसऱ्या कायद्याने बाईनेच घर सोडावं असं कुठे म्हटलंय? कलम १७ म्हणतं की सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतात, किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाची दुसरी जागा बघ, नाहीतर भाडं भर, असाही आदेश देऊ शकतात. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, असं कलम १२ सांगतं. टाळेबंदीत कोर्टं फक्त तातडीच्या कामांपुरती चालू होती आणि मारहाण तातडीची की नाही हे ज्याच्या त्याच्या मतावर होतं. आमचा अर्ज फायलीतच राहिला.

तुम्हाला कुणी सुचवलंच नाही, असंही म्हणता येणार नाही. त्याच एप्रिलमध्ये पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केलं होतं की बायकोला मारणाऱ्याला समज द्यायची, आणि नाही ऐकलं तर त्याला संस्थात्मक विलगीकरणात नेऊन ठेवायचं. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा लोक हसले. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की कुणाच्या तरी डोक्यात प्रश्न सरळ उभा राहिलाय: मारतो तो, मग शाळेच्या वर्गात सतरंजीवर त्याने झोपावं. त्याच महिन्यात जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सांगितलं की रिकामी हॉटेलं, शैक्षणिक संस्था अशा जागा घर सोडावं लागणाऱ्या बायकांसाठी ताबडतोब निश्चित करा, आणि किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात त्यांना तक्रार सांगता येईल अशी व्यवस्था करा. बाई घराबाहेर पडू शकते ती एवढ्या दोनच ठिकाणी, हे न्यायाधीशांना कळलं होतं. परदेशाचे दाखले द्यायची मला हौस नाही, पण फ्रान्स सरकारने मार्च संपायच्या आत अशा बायकांसाठी हॉटेलातल्या वीस हजार रात्रींचे पैसे भरायचं जाहीर केलं होतं. इंग्लंडच्या टाळेबंदीच्या नियमात घराबाहेर पडायच्या सबबींमध्ये धोक्यापासून जीव वाचवणं हीदेखील एक सबब होती. आमच्या नाक्यावरच्या शिपायाच्या हातात असं एक वाक्य असतं, तर ते त्याने वापरलं असतं. माणूस चांगला होता.

नंतर जुलैमध्ये ऑनलाइन आढावा बैठक झाली. तुम्ही आकडे वाचून दाखवलेत: जिल्ह्यात महिलांच्या तक्रारी गेल्या वर्षीपेक्षा कमी. समाधान व्यक्त केलंत. मी हात वर केला होता, पण पडद्यावरचा हात कुणाला दिसला नाही. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आता सांगते. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २७ फेब्रुवारी ते २२ मार्च २०२० या काळात घरगुती हिंसेच्या १२३ तक्रारी आल्या होत्या; २३ मार्च ते १६ एप्रिलमध्ये २३९ आल्या. त्यासुद्धा ज्यांच्याकडे फोन होता, त्यात बॅलन्स होता आणि बोलायला आडोसा होता त्यांच्या. त्याच एप्रिलमध्ये आयोगाला व्हॉट्सॲप नंबर द्यावा लागला, कारण टपालाने तक्रार पाठवणं अवघड झालं होतं आणि बोलायची सोय नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की मार खाल्लेल्या बायकांपैकी जेमतेम चौदा टक्के कुणाकडे मदत मागतात, तेही आधी आई-भावाकडे. पोलिसापर्यंत पोचणारी विरळाच. हे साथीच्या आधीचं, सगळ्या गाड्या चालू असतानाचं. टाळेबंदीत तक्रारी कमी झाल्या याचं समाधान मानायचं असेल तर बंद दवाखान्यात रुग्ण येत नाहीत याचंही मानावं लागेल.

ती परत गेल्यावर काय झालं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मे महिन्यात तिच्या कानशिलात बसली. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. दिवाळीनंतर गाड्या सुरळीत झाल्या तेव्हा ती बाहेर पडली आणि परत गेली नाही.

पण बाहेर पडली म्हणजे घर मिळालं असं नसतं हो. पीडित बायकांसाठीच्या ‘सखी’ केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं. पाच दिवसांत बाई जेमतेम झोपायला लागते. त्यानंतर स्वाधारगृह, तिथे राहायची सोय झाली, पण मुलगा मोठा झाला की त्याला तिथे ठेवता येत नव्हतं, शाळा बदलायची, आणि काम शोधायला निघालेल्या बाईला संध्याकाळी ठरल्या वेळी आत यावं लागायचं. तिला भाड्याची खोली हवी होती. खोलीवाल्याचा पहिला प्रश्न, मालक कुठे असतात? दुसरा, अनामत किती देता? त्या एप्रिलमध्ये गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं होतं की तीन महिने भाडं मागू नका, भाडेकरूला काढू नका. चांगला निर्णय. पण तो ज्यांच्या डोक्यावर आधीच छप्पर होतं त्यांच्यासाठी. नव्याने छप्पर शोधणाऱ्या बाईच्या अनामतीसाठी एकही योजना आम्हाला सापडली नाही. शेवटी आमच्या बचत गटाने पैसे काढले.

शिधापत्रिका नवऱ्याच्या नावावर. माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू झालं, ते तिच्या आणि पोरांच्या वाट्याचंसुद्धा तोच उचलत होता. तिच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे रुपये आले, पासबुक त्याच्या पेटीत. घर सोडलं की बाई सरकारच्या हिशोबातूनही सुटते. वेगळी शिधापत्रिका करायला गेलो तर राहण्याचा पुरावा मागितला. पुरावा कशाचा देणार, पोलीस गाडीतून घरी सोडल्याचा?

एक गोष्ट चांगली झाली. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सतीश आहुजा खटल्यात २००६ चा आपलाच जुना निकाल बाजूला सारला आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सुनेचं सामायिक घर ठरू शकतं, असं म्हटलं. हा हक्क म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या हक्कासमोर तोलून बघायचा असतो, हेही त्यात आहे आणि ते बरोबरच आहे. आमच्या तालुक्यात बहुतेक घरं सासऱ्यांच्याच नावावर. त्यामुळे या निकालाची झेरॉक्स आम्ही आता प्रत्येक अर्जाला लावतो. तिच्या अर्जालाही लावली. तिला भाड्याचा आदेश मिळाला. नवरा भाडं कधी देतो, कधी नाही. ती पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून पोळ्या लाटते.

तुमच्या लेखाचं पुस्तक होणार आहे म्हणे. निवाऱ्याबद्दलचं ते वाक्य त्यातून काढा, एवढं माझं मागणं आहे. त्या जागी आमची गोष्ट लिहा असं म्हणत नाही, तुमच्या मनात असेल ते लिहा.

दुसरं मागणं कामाचं आहे. तुम्ही आता मोठ्या पदावर आहात. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा कायद्याने दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. आमच्या जिल्ह्याचा मी मागवून वाचला. पूररेषेतली गावं आहेत, बोटी आहेत, पट्टीच्या पोहणाऱ्यांचे फोन आहेत, सर्पदंशावरच्या औषधाचा साठा कुठे ते आहे. घरात मार खाणाऱ्या बाईबद्दल एक ओळ नाही. पूर आला तरी तिला त्याच घरातून त्याच नवऱ्याबरोबर त्याच छावणीत जायचं आहे. तिच्यासाठी कुठल्या चार खोल्या राखून ठेवायच्या, त्यांची किल्ली कुणाकडे, संचारबंदीत तिला नाक्यावरून कुठल्या आदेशाने सोडायचं, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत तिने कुठे थांबायचं, संरक्षण अधिकाऱ्याला गाडी कोण देणार, आणि अनामतीचे पैसे कुठल्या शीर्षाखाली खर्ची टाकायचे, हे अर्ध्या पानात मावेल. मसुदा आम्ही तयार करून ठेवलाय. तुमच्या जिल्ह्याच्या आराखड्याची बैठक कधी आहे ते कळवा. मी येईन. तिला विचारलं होतं. बदलीवर दुसरी बाई मिळाली तर तीही येईन म्हणाली आहे.

आपली,
तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्र चालवणारी एक कार्यकर्ती